दुसरीकडे हलवलेले झाड

नाव व ओळखपत्र वेगळे दिले आहे. कामावर आणि गल्लीत सगळे मला 'मिस्त्री' म्हणतात. वय ५२ वर्षे. धंदा: लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीच्या मशीनवर नोकरी. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, रस्त्याकडून पहिले घर. घरात आई व पत्नी. मुलगी लग्न होऊन परगावी असते.

काल वखारीत झालेल्या अपघाताबद्दल पोलीस चौकीत विचारल्यावरून समक्ष सांगतो, ते असे.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मी व माझा जोडीदार मशीनवर होतो. जोडीदाराला आम्ही 'पैलवान' म्हणतो, कारण तो अंगाने काडी आहे. ओंडका अर्ध्यावर चिरला गेला असता आतून कर्कश आवाज आला, ठिणग्या उडाल्या आणि करवतीचे पाते तुटले. तुटलेले टोक पैलवानच्या उजव्या हाताला कोपराखाली लागले. मी मशीन बंद केले, गळ्यातल्या पंच्याने त्याचा हात आवळून बांधला व मालकांची गाडी मागवली. हात वाचला आहे. बोटे अजून हलत नाहीत.

पैलवानने ओंडका नीट तपासला नाही, असे मालकांनी आपल्याकडे सांगितल्याचे समजले. हे साफ खोटे आहे. ओंडका मी तपासला. आमच्या धंद्यात शहरातल्या रस्त्याकडेचे लाकूड कोणी मशीनवर घेत नाही. शहरातल्या झाडाला माणसे काय वाटेल ते ठोकतात. पाट्या, तारा, दिव्यांच्या माळा, हरवलेल्या मांजराचे फोटो. खिळा हळूहळू खोडात बुडतो आणि वरून साल मिटते. म्हणून सालीवर हात फिरवायचा, जिथे सुरकुती लागेल तिथे संशय घ्यायचा. हे ओंडके साल सोलूनच आले होते. माल मळ्यातला आहे, असे मालक म्हणाले. सोललेल्या ओंडक्यावर हात फिरवून काय कळणार, कपाळ?

गाडी दारात येईपर्यंत माझी नजर ओंडक्याकडे गेली. चिरेत लाकूड शाईसारखे काळे पडले होते आणि त्यात एक लोखंडी कडी होती. ती मी लगेच ओळखली, कारण ती मीच केलेली आहे. याच वखारीतल्या जुन्या मशीनचा बोल्ट तापवून मी तो वाकवला होता. टोके नीट जुळली नाहीत म्हणून वर तांब्याच्या तारेचे वेढे दिले होते. मुलगी नुकती चालायला लागली तेव्हा आमच्या दारातल्या शिरीषाच्या खोडात मी ती कडी बसवली. झोक्याचा एक दोर त्या कडीला, दुसरा व्हरांड्याच्या खांबाला. मुलगी मोठी झाली, झोका गेला, कडी खोडाने गिळली. वेढे दिलेल्या कड्या बाजारात मिळत नाहीत. तारेसकट ती कडी मी काढून खिशात टाकली होती व आता आपल्याकडे जमा केली आहे.

अंमलदार साहेब म्हणाले, मुद्द्याचे सांगा. मुद्दा हाच आहे, की ते झाड माझ्या हिशेबी जिवंत होते.

दोन वर्षांपूर्वी गल्लीचा रस्ता रुंद करायचे निघाले. दोन्ही बाजूंची झाडे जाणार होती. शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात, त्यांनी माणसे गोळा केली. बायका, म्हातारे, शाळेतली पोरे झाडांना पाठ लावून बसली. मीसुद्धा कामावर खाडा करून बसलो. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, शहराच्या उद्यान खात्यात झाडे हलवण्याच्या कामावर सुपरवायझर आहे. तो संध्याकाळी घरी आला व म्हणाला, "दाजी, झाडं तोडत नाहीयेत हो. मुळासकट उचलून दुसरीकडे लावतोय. तुमच्या झाडाला खरचटलं तरी मला घरात घेऊ नका."

मी त्याचा शब्द उचलून मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही लाकडातले माणूस. तुमची खात्री आहे?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सगळे उठले. त्यांना मी उठवले.

पुढे मेहुण्याने आम्हाला गावाबाहेर एका मोकळ्या जागेवर नेले. तिथे फांद्या छाटलेली बरीच खोडे रांगेत उभी होती, बुंध्यापासून वरपर्यंत गोणपाट गुंडाळलेली. एकाकडे बोट करून तो म्हणाला, "हे तुमचं." मी कडीची सुरकुती बघतो म्हणालो, तर म्हणाला, "गोणपाट सोडलं तर खोड वाळेल, दाजी. सहा महिने हात लावायचा नाही." सहा महिन्यांनी त्याने आणखी मुदत मागितली. मी दिली. बायकोचा भाऊ आहे, खोटे का बोलेल?

आम्ही दर सुट्टीला त्या झाडाला पाणी घालायला जात होतो. टाकीमागच्या गल्लीत राहून आमच्याच नळाला दिवसाआड पाणी, तरी गल्लीतून कॅन भरून घ्यायचो. मोठ्या बाईंच्या पुतण्याची गाडी असे. आईचे गुडघे गेले आहेत, तरी ती यायची. बुंध्यावर हात ठेवून म्हणायची, "तुला इथे करमतं का रे?" झाडाला पालवी फुटली त्या दिवशी मोठ्या बाई माझ्या हाताला धरून रडल्या व म्हणाल्या, "तुमच्यामुळे वाचलं." पत्नी पहिल्यांदा आली. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तिचे डोके दुखायचे.

रुंद झालेल्या रस्त्याचे म्हणाल, तर वाढलेल्या जागेत आता गाड्या उभ्या असतात आणि रस्ता होता तेवढाच आहे. घरे तव्यासारखी तापतात. समोरच्यांनी एसी बसवले. त्यांची गरम हवा आईच्या खिडकीत येते. ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते आणि म्हणते, "असू दे, झाड तर तिकडे सुखात आहे ना."

पैलवानला दवाखान्यात दाखल केल्यावर मी ओंडके आणणाऱ्या ट्रकवाल्याला फोन केला. माल उद्यान खात्याच्या आवारातून भरला, असे त्याने सांगितले. दोन वर्षे तिथेच पडून होता, सोलून दिला की खपतो, असेही म्हणाला. मग मी मेहुण्याला फोन करून कडी सापडल्याचे सांगितले. तो म्हणाला, "दाजी, त्याची मुळं तुमच्या घराखालून गेली होती. ते झाड हललंच नसतं. तुम्हाला एक झाड हवं होतं, मी एक झाड दाखवलं. गल्लीत मान वाढलीच ना तुमची?" मी फोन ठेवला.

पाणी घातलेले झाड कुणाचे होते ते मला माहीत नाही. कुठल्यातरी दुसऱ्या गल्लीचे असेल. त्यांना दुसरेच कुठले दाखवले असेल.

झाड तोडल्याचे मेहुण्याशिवाय आणखी कोणाला माहीत होते का, असे अंमलदार साहेबांनी विचारले. मी आधी नाही म्हणालो. ते उत्तर खोडावे व पुढचे लिहावे.

हे दोन्ही फोन करण्याआधी, पैलवानला आत नेले असताना, पत्नी डबा घेऊन दवाखान्यात आली. माझ्या शर्टावर रक्त होते. तिने काय झाले विचारले. ओंडक्यात लोखंड होते, पाते तुटले, एवढेच मी म्हणालो. ओंडका कुठला, लोखंड कसले, हे मी तोवर कोणालाही सांगितले नव्हते. कडी माझ्या खिशात होती. पत्नीचा चेहरा उतरला व ती म्हणाली, "आपल्या झोक्याची कडी?"

झाड तिकडे उभे आहे असे जिला वाटते, तिच्या मनात ती कडी येणार नाही. तिच्याही ते लक्षात आले. तिने डबा उघडला व पोळी माझ्यापुढे केली. मी खाल्ली नाही. तिला मी काही विचारलेले नाही. ती आत्ता बाहेर बाकावर बसली आहे. काय विचारायचे ते आपणच विचारावे. मी घरी आईकडे जातो. पुढच्या सुट्टीला कॅन भरायचे की नाही, हे तिला आणि मोठ्या बाईंना मलाच सांगायचे आहे.

हा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. माझ्या तोंडी दोन ठिकाणी 'माल' लिहिले होते, तिथे 'झाड' करून घेतले. पत्नीचे शब्द पुन्हा एकदा वाचायला लावले. ते चुकीचे लिहिले गेले असतील तर बरे, असे वाटले होते. बरोबर आहेत.