माझी टाच आणि डॉक्टरबाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, वॉर्डातल्या सर्व सिस्टर आणि समोर बसलेल्या माझ्या आजीमाजी सहरुग्णांनो,

मी न्हावी. माझ्यासमोर लोक मान खाली घालून बसतात. एवढ्या वर केलेल्या माना बघून जरा बावचळलोय, सांभाळून घ्या.

साखरेच्या आजारामुळे माझ्या टाचेची जखम काही केल्या भरेना. पाय काढावा लागेल, इथवर गोष्ट आली. आता सांगा, ज्याला दिवसभर खुर्चीभोवती फिरायचं, त्याने एका पायावर काय करायचं? तेव्हा बाई म्हणाल्या, "एक प्रयोग आहे. तुमच्याच कातडीतल्या थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांत जखम भरायला मदत करणारं एक जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि त्यांचा पातळ थर जखमेवर बसवायचा. पण खात्री देत नाही."

माझी बायको लगेच पुढे सरसावली. "जनुक घालताच आहात, तर यांच्यात घरी वेळेवर येण्याचंही एक घाला!"

बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "विज्ञान अजून तिथवर पोचलेलं नाही."

पहिला थर काही धरला नाही. जखम चिघळली. बाई पट्टी सोडून स्टुलावर बसल्या, चेहरा पार उतरलेला. "पुन्हा करू म्हणायचा मला धीर होत नाही. पाय तुमचा आहे. तुम्ही ठरवा."

मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्याकडे बघवेना. म्हटलं, "बाई, पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानाला मी वस्तरा लावला होता. म्हणून दुकान बंद केलं का?"

"ते गिऱ्हाईक परत आलं?"

"नाही. पण मी येतोय ना!"

चिघळणं आटोक्यात आल्यावर दुसरा थर बसवला. मग एका सकाळी पट्टी सुटली आणि बाई जखमेवर वाकल्या. बायकोने माझा हात घट्ट धरला. बाईंनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अहो, कड गुलाबी झाली!" जखम भरायला लागली होती. एवढ्या शिस्तीच्या बाई, पण त्यांनी सिस्टरना कडकडून मिठी मारली. टाच माझी, मिठी सिस्टरना! असो.

आत्ताही बघा, त्या मला खुणावताहेत, 'बसून बोला, किती वेळ उभे राहाल?' बाई, आजवर तुमचं सगळं ऐकलं. आज नाही ऐकणार. तुमच्यासाठी दोन पायांवर उभं राहता येतंय, राहू द्या.

मला बोलू दिलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला.