मोजून चार

मुलगी: मग आज काय बदलायचं, काका? पाइप झाला, क्लिपा झाल्या, टाकीचं झाकण झालं. आता फक्त ट्रकच बदलायचा राहिलाय.

मिस्त्री: कर थट्टा. तुझा बाबा आयुष्यभर माझी थट्टाच करत राहिला. जाताना ती तुला देऊन गेलेला दिसतोय.

मुलगी: दुसरं ठेवलंय काय त्यांनी? एक थट्टा आणि एक ट्रक. थट्टा ठेवून घेतली, ट्रक विकतोय. तोही तुम्ही बरा केलात तर.

मिस्त्री: वास नक्की येतो कधी?

मुलगी: हे तुम्ही आठवडाभर रोज विचारताय. सकाळी, पहिल्यांदा सुरू करताना. दार उघडलं की नाकात पेट्रोल. किल्ली फिरवली की आधी खोकतो, मग काळा धूर सोडतो, मग आपल्यावर उपकार म्हणून सुरू होतो. दुपारी वास नाही, संध्याकाळी नाही.

मिस्त्री: म्हणजे रात्रीत कुठंतरी गळतंय.

मुलगी: खाली पुठ्ठा तुम्हीच ठेवला होता. सकाळी कोरडा ठणठणीत. त्याच्यावर एक थेंब पडला असता तर मी तो फ्रेम करून लावला असता.

मिस्त्री: मग कार्बोरेटरची सुई नीट बसत नसणार.

मुलगी: सुई परवा बदललीत. काका, बाबांच्या वेळी दवाखान्यातही अगदी असंच चाललं होतं. रोज नवी तपासणी, रोज नवा तज्ज्ञ, आणि प्रत्येकाचा चेहरा तुमच्यासारखा.

मिस्त्री: माझ्यासारखा म्हणजे?

मुलगी: आता सापडलंच, असा.

मिस्त्री: प्लगचा पाना दे. आज किल्लीला हातच लावत नाही. आधी प्लग काढून बघतो.

मुलगी: हे पहिल्या दिवशी का नाही बघितलं?

मिस्त्री: पहिल्या दिवशी मला सगळं माहीत होतं.

आई: चहा घ्या. पेशंट कसा आहे?

मिस्त्री: आहे तसाच, वहिनी.

आई: तो नर्सरीवाला संध्याकाळी ट्रक घ्यायला येतोय. काल नाकाला रुमाल लावून उभा होता. म्हणे वास गेला तर लगेच नेतो, नाहीतर माझी रोपं कोमेजतील. ह्यांनी या ट्रकातून लोकांची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं हलवली. गाद्या नेल्या, कपाटं नेली, पोपटाचे पिंजरे नेले. एकही पोपट कोमेजला नाही.

मुलगी: आई, आपलं ठरलंय ना? ट्रक गेला की तू माझ्याकडे येणार.

आई: मी कुठं नाही म्हणतेय? तू ट्रकला सांग.

मुलगी: तू सामान बांधायला तरी घेतलंस का?

आई: घेईन की. बिऱ्हाडं हलवणाऱ्याच्या बायकोला बांधायला किती वेळ लागतो? तुझ्या त्या वरच्या मजल्यावर मी दिवसभर काय करायचं, तेवढं मात्र सांग.

मुलगी: आराम.

आई: त्यासाठी आधी दमायला लागतं, बाळा.

मिस्त्री: हे बघा. हा प्लग ओला. हाही ओला. गाडी रात्रभर जागची हलली नाही, आणि हे मेले आंघोळ करून बसलेत.

मुलगी: आता हे माणसांच्या भाषेत सांगा.

मिस्त्री: गळती नाहीये. कुणीतरी पाजतंय.

मुलगी: छान. आठवडाभर पाइप, आणि आता भूत.

मिस्त्री: ऐक तरी. इंजिन बंद असताना एक्सलेटरचं पेडल दाबलं की कार्बोरेटर आत पेट्रोलची पिचकारी मारतो. दोन-चार पिचकाऱ्या बऱ्या, थंड इंजिन पटकन उठतं. जास्त झाल्या की इंजिन बुडतं. मग वास, धूर, खोकला, सगळं आलं. माझ्या गॅरेजात दोन रात्री हाच ट्रक उभा होता, तेव्हा शहाण्या मुलासारखा सुरू झाला. म्हणजे खोड ट्रकात नाही. या अंगणात आहे.

मुलगी: म्हणजे डॉक्टर हरले, आता पेशंटच्या घरच्यांची चौकशी.

मिस्त्री: सकाळी ट्रकात कोण बसतं?

मुलगी: तुम्ही. किल्ली तुमच्याकडेच असते.

मिस्त्री: बसायला किल्ली कशाला लागते? दाराचं कुलूप तुझ्या बाबानं कधीच मोडून ठेवलंय. मी येतो, बॅटरी उतरू नये म्हणून जरा वेळ चालू करतो, जातो.

मुलगी: पेडल दाबता?

मिस्त्री: दाबणार ना. मोजून चार, मग किल्ली. त्याचीच पद्धत. तो म्हणायचा, झोपलेल्याला एकदम उठवू नये, आधी थोपटावं. पण आज मी पायही लावलेला नाही. तरी प्लग ओले. अशी पेडलकडं काय बघतेस?

मुलगी: मीही दाबते.

मिस्त्री: काय?

मुलगी: पेडल. तुम्ही यायच्या आधी. दात घासत येते, बसते, मोजून चार. किल्ली नसते, म्हणून नुसतंच.

मिस्त्री: अगं, पण कशाला?

मुलगी: लहानपणी शाळेत सोडायचे तेव्हा पेडल मला दाबायला द्यायचे. मी दाबायची, ते मोजायचे. तुम्ही हसलात तर मी हा पाना तुमच्या पायावर टाकणार आहे.

मिस्त्री: मी कुठं हसतोय? मी हिशेब करतोय. तुझ्या चारानं एवढी आंघोळ होणार नाही. आणि सीट तू कशाला पुढं ओढतेस?

मुलगी: मी? मला वाटायचं तुम्ही ओढता. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात.

मिस्त्री: मी रोज मागं ढकलतो, रोज सकाळी पुढं. मला वाटलं, तू.

मुलगी: माझे पाय बाबांवर गेलेत, काका. निदान पाय तरी.

मिस्त्री: मग या घरात सीट एवढी पुढं कुणाला लागते?

आई: चहा गार होतोय.

मुलगी: आई.

आई: मी पहाटे झाडांना पाणी घालायला उठतेच. ट्रकाचं दार अर्धवट उघडं दिसलं, ते लावायला गेले.

मुलगी: रोज उघडं दिसतं?

आई: कुलूप मोडलंय, आत्ताच म्हणाले ना भाऊजी.

मिस्त्री: वहिनी, दार बाहेरून लावतात.

आई: ते आतून नीट लागतं.

मुलगी: मोजून चार?

आई: मला नाही मोजता येत ते. मी काय कधी चालवलाय? मला स्वयंपाकघरात नुसता आवाज यायचा. खट खट खट खट, मग ट्रक. की मी चहाचं आधण ठेवायची. आता आधण कधी ठेवायचं तेच कळत नाही.

मुलगी: मग किती वेळा दाबतेस?

आई: वास येईपर्यंत.

(मिस्त्री प्लग पुसतो, वाऱ्यावर वाळू देतो, बसवतो. पेडलला पाय न लावता किल्ली फिरवतो. ट्रक पहिल्याच दमात सुरू होतो.)

मिस्त्री: बघा. ना खोकला, ना धूर. ये, वास घे.

मुलगी: नाही येत.

आई: अजिबात नाही?

मुलगी: अजिबात नाही.

मिस्त्री: झालं. ट्रक ठणठणीत, घरची माणसं नादुरुस्त. करतो बंद.

मुलगी: अभिनंदन. चेहरे जरा आनंदी करा दोघं. यासाठीच आठवडा घातला ना आपण?

मिस्त्री: तू झालीयेस तेवढा मीही झालोय आनंदी.

आई: बरंच झालं. एक काम मार्गी लागलं. आता सामान बांधायला दोऱ्या बघते.

मुलगी: दोऱ्या ट्रकातच आहेत. सीटच्या मागं.

आई: मग असू देत तिथंच.

मुलगी: आई, यायचं नाही असं सरळ सांग की.

आई: मी शब्द मोडत नाही. ट्रक गेला की येणार म्हटलंय, तर येणार.

मुलगी: आणि नाही गेला तर?

आई: आजारी गाडी टाकून कसं येणार?

मिस्त्री: वहिनी, गाडी आजारी नाही.

आई: आठवडाभर तुम्हीच आहे म्हणत होता. आजच बरे शुद्धीवर आलात.

मुलगी: काका, तो नर्सरीवाला येईपर्यंत इंजिन गार होईल?

मिस्त्री: होईल. का गं?

मुलगी: काही नाही. आई, तो फाटकाशी दिसला की तू चढ. सीट पुढं ओढून घे.

आई: आणि तू?

मुलगी: मी मोजते.