आरशासारखं पाणी

अडतीस सालच्या हिवाळ्यात मुरबाडला सर्व्हिस मोटारीची वाट पाहणाऱ्यांत मासळी विकणारी राहीबाय होती आणि तिचा धाकटा भाऊ कमळू होता. कमळू धरणाच्या तळ्यावर तिथल्या साहेबाच्या हाताखाली कामाला होता, आणि राहीबाय त्याच तळ्यात मासे धरायची. मोटार वेळेवर येईल असं कोणीच धरून चाललं नव्हतं.

"कमळू, तू तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडचा पाला उपसायला लागलास आणि माझे मासे गेले रे. आज चार मळ्ये मिळाले, तेही नुसते काटे."

"मी काय करू, बाय? साहेबाला पाणी आरशासारखं पायजे."

"आरसा खाऊन मासा जगल काय?"

"मग पाला तरी खातो काय?"

"तू पेरणीआधी पालाशेण पसरून राब भाजतोस, ते काय भात चावून खातो? पाला पाण्यात कुजतो, त्याच्यावर बारीक जीव पोसतात, ते खाऊन मासा वाढतो. साहेबाला सांग जा."

"सांगितलं ना. त्यानं गिलासात पाणी घेऊन उन्हाला धरलं. ठिपक्याएवढे जीव उड्या मारत होते."

"मग पटलं?"

"पटलं तर! म्हणाला, एवढी घाण? पाला काढायला आणखी एक माणूस लाव."

"लावलास?"

"नाय अजून."

"साहेब पल्याडच्या काठाला फिरतो काय रे?"

"छे, तिकडं जळवा हायेत."

"मग माझं नाव घाल. काढलेला पाला मी तिकडं नेऊन टाकीन."

"पाण्यात?"

"काठावर रे. पुढचं काय ते वारा बघल."