नको म्हटलं तरी वाढतात

...आणि वर मलाच विचारतो, ‘‘तू नेमकं काय दाबलंस?’’ काय दाबलंस म्हणजे? ओके दाबलं! समोर ओके लिहिलं होतं, दाबलं! हा हरीश, माझा नवरा, इथे इंग्लंडात मेडनहेडमध्ये चांगला आयटीत आहे, पण घरचा कॉम्प्युटर अडला की तुम्हाला सांगते, ‘‘ते माझं डिपार्टमेंट नाही.’’ मग कुणाचं? सात महिन्यांच्या मायराचं?

अहो, मी फक्त एक फॉन्ट मागितला होता हो!

झालं काय, मिरजेत माझी आई बासष्टाव्या वर्षी ईमेल शिकली आणि तिनं मराठीतून पत्र धाडलं. उघडते तर चौकोन! दीड पान नुसते चौकोन आणि शेवटी एक उद्गारचिन्ह. आता आईचं उद्गारचिन्ह म्हणजे एक तर कुणाचं लग्न ठरलं, नाहीतर कुणीतरी गेलं... जीव थाऱ्यावर राहतो का? म्हणून ‘मोफत मराठी फॉन्ट’ शोधला, तर त्याच्याबरोबर आठ पानांचा इंग्रजी करार आला. एम.ए. आहे मी, पुस्तकांच्या तळटीपासुद्धा वाचणारी बाई, पण मांडीवर मायरा, तिच्या तोंडात माऊसची वायर, कोण वाचणार करार? ओके!

आणि पत्र उघडलं हो! आईनं लिहिलं होतं, ‘मायराचं उष्टावण शनिवारी सकाळी दहाला करा. मला यायला जमत नाही, पण वेबकॅमवर बघीन. पहिला घास आजीच्या डोळ्यांदेखत जाऊ दे!’ दोन वर्षं झाली आईला भेटून... माझे डोळे भरून आले, आणि ते पुसेपर्यंत स्क्रीनवर धाडकन खिडकी: अभिनंदन, तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे!

बंद केली, दोन आल्या. दोन बंद केल्या, चार! तुम्ही आपल्याकडच्या लग्नात जेवला आहात ना? पानावर आडवा हात धरून ‘नको, नको, पुरे’ म्हणावं, आणि वाढणाऱ्यानं ‘बरं, एकच’ म्हणत बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी... अगदी तस्सं! ‘रिंगटोन घ्या!’ नको. ‘मग माऊसच्या बाणाचं फुलपाखरू करून देऊ?’ नको हो! ‘निदान एक टूलबार तरी!’ आता आपल्याला वळणच असं लावलेलं, की तिसऱ्यांदा नको म्हणायला जीभ रेटत नाही. घेतला टूलबार.

संध्याकाळी हरीश बघतो तर सहा टूलबार एकावर एक, आणि वाचायला खाली दोन बोटं जागा. ‘‘ही काय उतरंड रचली आहेस?’’

मी फक्त एक फॉन्ट मागितला होता हो!

दुसऱ्या दिवशी नवीनच, लाल अक्षरांत: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीनशे बारा धोके आहेत, मोफत साफ करा! मी बाटल्या दोन-दोनदा उकळणारी आई, माझ्या घरात तीनशे बारा धोके? घेतलं की ते साफ करणारं! त्यानं येताना आपले सगेसोयरेच आणले, धोके झाले चारशे साठ. हरीश शांतपणे म्हणतो, ‘‘फॉरमॅट करून टाकू.’’ कधी? ‘‘रविवारी वेळ आहे.’’ अरे, उष्टावण शनिवारी आहे ना! तोवर माझी आई काय चौकोन बघणार?

शेवटी ब्रॉडबँडवाल्यांना फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एकदम, ‘‘धिस इज जेसिका, हाऊ मे आय हेल्प यू?’’ तेवढ्यात मायरानं टाहो फोडला, मी तिला म्हटलं, ‘‘अगं थांब गं माझे राणी...’’ आणि पलीकडून जेसिकाच हळूच, ‘‘ताई, बाळ केवढं आहे?’’

जेसिका कसली, सुप्रभा! पुण्यातून, औंधहून बोलत होती! मी तिला सगळं सांगितलं, तशी म्हणाली, ‘‘ताई, मला कागदावरचंच बोलायचं असतं, पण मनातलं सांगते. आई बघेपर्यंत त्या खिडक्यांना हात लावू नका. हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. बोलवलं नसताना आलेला पाहुणा असतो ना, त्याच्याशी वागतो तसं करा, नुसत्या बसून राहा.’’ आणि लगेच मोठ्यांदा, ‘‘इज देअर एनिथिंग एल्स?’’ काय सांगणार तिला? मी फक्त एक फॉन्ट मागितला होता म्हणून?

शनिवारी आठलाच कॉम्प्युटर लावला, पावणेदहाला जागा झाला. मायराला परकर-पोलकं, वाटीत तांदळाची खीर, हरीशच्या बोटात सोन्याची अंगठी, त्या अंगठीनंच चाटवायचं. दहाला मिरज लागलं! आईचं कपाळ आलं, कुंकू आलं, आता डोळे येणार... आणि धप्पकन खिडकी! वजन घटवा! कंबरेला टेप लावून एक गोरी बाई, नेमकी आईच्या तोंडावर!

‘‘अगं, सरकव ना बाजूला!’’ हरीश ओरडला.

‘‘हात लावू नकोस! दोन होतील!’’

मी त्या बाईच्या कंबरेकडे बघून ओरडले, ‘‘आई! तुला दिसतंय का गं?’’

तर कंबरेमागून आईचा आवाज, ‘‘दिसतंय की! सगळं दिसतंय! जावईबापू, जरा कमी घ्या अंगठीवर... गेला! गेला गं घास! ओठ चाटतेय बघ लबाड!’’ आणि मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज. आई रडत होती. तिला नात दिसली हो, लख्ख दिसली. मलाच आई दिसली नाही.

मी मुठी आवळून बसले होते, माऊसकडे जाऊ नयेत म्हणून. म्हटलं, निदान आवाज तरी ऐकावा. ‘‘आई, आणि मी गं? मी कशी दिसते?’’

माझी बाळंतपणाआधीची एक जीन्स अजून गुडघ्यांच्या वर चढत नाही. पण आई गहिवरून म्हणाली, ‘‘फार बारीक झालीस गं!’’

इतक्या जाहिराती बघितल्या... एकीचा तरी गुण आला म्हणायचं!