पाव टक्का

—नाही हो, कर्ज एकही बुडालं नाही, लिहून घ्या हवं तर! मुख्य कचेरीनं तुम्हाला हेच विचारायला पाठवलंय ना — शाखेची कर्जं दुप्पट झाली, मग नफा कुठे गेला? कुठे जाणार? गिऱ्हाइकांच्या घशात. आम्हीच भरवला, घास घास करून. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या.

आता हा कागदाच्या कारखान्याचा मालक — आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दरवर्षी यायचा, अंगठीशी चाळा करत म्हणायचा, "समोरची बँक पाव टक्का कमी घेते, साहेब." बस्स, एवढंच. आणि आपल्या धंद्यातली रीत तुम्हाला ठाऊक आहे — त्यांचं पत्र दाखवा, असं बड्या गिऱ्हाइकाला म्हणायचं नाही, अपमान होतो त्याचा. मग काय, दर कमी कर! चार वर्षं, चार वेळा. त्याचं बघून बाकीचेही मागायला लागले. ठेवीदाराला व्याज दिल्यावर हातात उरतं काय — चिमूटभर! त्यात भाडं, वीज, अकरा जणांचे पगार. भागणार कसं?

आणि समोरच्या बँकेत कर्जं कोण बघतो, माहितेय? माझा साडू. हसा, हसा. महिन्यातून एकदा मेहुणीकडे मांडीला मांडी लावून जेवतो आम्ही, पण व्याजदराचा विषय? छे! एकदा मात्र तोच भडकला — "तू दर पाडतोस म्हणून मला पाडावा लागतो! मी कधी आधी पाडला?" म्हणजे तो पाव टक्का कुठे नव्हताच हो! दोघांनाही खेळवलं त्या लबाडानं.

कधी म्हणाला? झाली की... दोन वर्षं.

हो. त्यानंतरही दोनदा दिला मी. कळूनसवरून दिला. अहो, गिऱ्हाईक साडूकडे गेलं असतं तर? तो त्याच वर्षी मॅनेजर झालेला, सासरे गावभर सांगत सुटलेले — आणि मी कर्जं घालवून बसू? कर्जाचा आकडा वाढला की बढती, नफ्याचं कोण विचारतं? मिळाली ना मला. पुढच्या महिन्यात मोठ्या शाखेत जातोय.

तुम्ही... हे सगळं लिहिलंत? खोडा ते. घरचं बोलणं होतं. — नाही खोडत? नका खोडू. ही शाखा तर बंदच होणार आहे.

या आता. बाहेर कॅशियर बाई उभ्या असतील. कंत्राटावर आहेत, नऊ वर्षं झाली. काय ठरलं, विचारतील. त्यांना तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं.