दुपट्यात गुंडाळलेले दिवे

मंडळी, एक विचारते. खरं सांगा हं, कीर्तनाला देवासमोर बसलाय! ज्याच्यावर आपला जीव, त्याला जपावं तरी किती? लगेच माना हलवू नका! उत्तर ठाऊक असतं तर तुम्ही मला कशाला इथं उभं केलं असतं?

ऐका तर. इचलकरंजीत एक केतकीबाई. तिसऱ्या मजल्यावर घर, मांडीवर सहा महिन्यांची लेक, चिमी. बाई शिकलेल्या — फिजिक्स घेऊन बी.एस्सी., पहिला वर्ग! पेटीवाले काका, आत्ताच हसू नका. पुढं जागा आहे.

स्वयंपाकघराला पीओपीचं नवं छत. छताला चार भोकं, त्यांत चार गोल दिवे बसवलेले. एके सकाळी बाई दूध तापवत होत्या, वर बघतात तो काय — दिव्याच्या फटीतून शेपटी! पालीची! दिसली नुसती शेपटी. पण बाईंच्या मनात अख्खी पाल निसटली, दुधात पडली, दूध चिमीच्या पोटात गेलं, दारात ॲम्ब्युलन्स आली! आणि एवढं सगळं कधी? दूध उतू जायच्या आत!

झालं! बाई स्टुलावर चढल्या. मेन स्विच बंद केला — शिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं! दिवे खाली ओढले, चिमीची जुनी दुपटी त्यांच्याभोवती गच्च गुंडाळली आणि दिवे परत वर दाबले. फट बंद, पाल बंद, काळजी बंद!

काळजी अशी बंद होते होय? पंधरा दिवसांत दिवे लुकलुकले, आणि गेले. वायरिंगवाले बाबालाल मिस्त्री आले, नवे बसवून गेले. तेही गेले! आणि गंमत बघा, मिस्त्री यायच्या आधी बाई दुपटी काढून लपवायच्या. लाज हो! पालीच्या भीतीनं दिव्याला दुपटं नेसवलंय, हे कुणाला सांगायचं? मिस्त्रींची पाठ वळली की पुन्हा स्टूल! काढताना दुपटी गरम लागत. फिजिक्सच्या पहिल्या वर्गाला वाटलं — उन्हाळा आहे!

सासूबाई म्हणाल्या, "केतकी, घराला दृष्ट लागलीय गं."

"काहीतरीच काय आई! व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल."

आणि दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर हीच बाई मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दिव्यांवरून ओवाळत होती! चारही दिव्यांवरून! प्रत्येकाला वेगळी मूठ!

शुक्रवारी चिमीचं उष्टावण. मामा चांदीची वाटी घेऊन येणार. पहिला भाताचा घास खायला चिमीची खुर्ची मांडली — बरोबर दिव्याखाली. आणि गुरुवारी तिसऱ्यांदा दिवे गेले! मिस्त्रींना चारला बोलावलं होतं. ते आले तीनला. दुपटी वरच!

"मिस्त्री, चहा घ्या आधी!"

"चहा मागनं, वहिनी." चढलेसुद्धा! दिवा ओढला, आणि त्याच्यामागून सशांचं दुपटं लोंबायला लागलं. ससे करपलेले. मधोमध जळून भोक.

बाबालाल सावकाश म्हणाले, "वहिनी, दिव्याला कुणी पांघरून घालतंय व्हय? त्याच्या पाठीतनं ऊब भाईर पडाय पायजे. कोंडली की मरतोय त्यो. आनखी दोन दिस गेलं असतं तर पेट घेतला असता. खाली ही पोर बसनार हुती न्हवं?"

बाईंनी आधी खुर्ची बाजूला ओढली. "पण ती पाल..."

"मग सांगायचं न्हाई? भोक मोठं, दिवा बारका. रुंद काठाचं आनतो, फटच ऱ्हात न्हाई! दहा मिंटाचं काम!"

तेवढ्यात चिमीनं भोकाड पसरलं. मिस्त्रींनी वळून पाहिलं. चैत्राचं ऊन, आणि पोरीच्या अंगात दोन स्वेटर, पायात मोजे, डोक्याला कानटोपी, गळाभर घामोळं!

"ह्या दिव्याला रडता येत न्हाई, वहिनी. हिला येतंय, त्येवढं बरं."

बाईंनी मुकाट्यानं एक-एक कपडा उतरवला. चिमीचं रडं थांबलं. तिनं उघडे पाय हवेत झाडले आणि खदाखदा हसली. शुक्रवारी नव्या दिव्यांखाली उघड्या डोक्यानं तिनं पहिला घास खाल्ला, आणि दुसरा मामाच्या सदऱ्यावर उडवला.

झाकली ज्योत गुदमरे घरी।
मोकळी तीच उजेड करी॥

बाईंची माया खोटी होती का हो? मुळीच नाही! पण फट दिसली की आपण पहिल्यांदा दुपटं शोधतो, जाणत्याला विचारत नाही. विचारायची लाज, कोंबायची नाही! आता तुम्ही सांगा — कॉलेजातल्या पोराला दिवसातून नऊ फोन कोण करतं? सुनेच्या कढईत मागून कोण डोकावतं? कुणाकुणाच्या पाठीतली ऊब कोंडून ठेवलीय आपण? घरी जाऊन एकेक दुपटं काढा. आजच काढा!

आणि पहिल्या रांगेतल्या आजी, तुमच्या मांडीवर माझी लेक आहे ना? तिची कानटोपी तेवढी काढा हो.

नाही, नाही... आतलीसुद्धा.