खड्ड्यात तुझ्याजवळ कोण आहे?

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, इथे बारा शिलाई मशीनं धडधडतायत… कोण?

…तू?

आज बरी आठवण झाली बहिणीची. आठ महिने झाले, आठ… नाही रे, टोमणा नाही मारत. बोल… दम का लागलाय तुला? जिने चढतोयस की काय? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणि…

काय?

थांब, थांब. परत सांग. लिफ्टच्या आत की खाली?… अगदी तळाच्या खड्ड्यात… बरं… आणि वरून लिफ्टचा डबा घसरला… पाय?… अडकलाय म्हणजे कुठवर?… गुडघ्यापर्यंत. अरे देवा.

बाई! अहो बाई, मशीनं बंद करा! सगळ्यांनी बंद करा, माझा धाकटा भाऊ… हो, आता येतंय ऐकू. बोल. रक्त आहे का?… दिसत नाही म्हणजे? टॉर्च नाही तुझ्याजवळ?… पाण्यात? खड्ड्यात पाणी कुठून आलं?

पाइप फुटला. डबा आदळला तेव्हा. आणि ते अजून येतंय… हो… हो… कुठवर आहे आता?… बसलायस ना तू? मग बसल्या-बसल्या कुठवर?… कमरेच्या वर.

फायर ब्रिगेडला केलास फोन?… काय म्हणाले?… पंचवीस मिनिटं! रस्ता खणलाय म्हणून पंचवीस मिनिटं? अगं, तू कर गं फोन, तुझ्या मोबाइलवरून कर, सांग त्यांना की पाणी चढतंय!… नाही, तुला नाही म्हटलं, इथे काजं-बटणवाली आहे शेजारी, ती लावतेय. तू बोलत राहा. त्यांनीच सांगितलंय ना, झोपू नकोस, कुणाशी तरी बोलत राहा? मग बोल.

बायकोला कळवू का?… का नको?… कितवा?… सातवा महिना?

मला कुणी सांगितलंसुद्धा नाही रे.

बरं, बरं. नाही कळवत. शपथ. फोन कुठे धरलायस?… शिडीच्या पायरीवर. स्पीकर चालू ठेवून. शहाणा आहेस. तो पडू देऊ नकोस… ए, डोळे मिटू नकोस! आवाजावरून कळतं मला. लहानपणी अभ्यास करताना असाच आवाज व्हायचा तुझा.

प्रार्थना करू का तुझ्यासाठी?… अरे, ओरडू नकोस, दम जाईल… बरं, नाही करत… हो, ठाऊक आहे. आई गेली त्या दिवशी तू काय म्हणालास ते पाठ आहे मला. मी म्हटलं, प्रभू या खोलीत होता. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, मला फक्त सलाइनची बाटली दिसली. पाळकसाहेबांसमोर म्हणालास. मी रागावले, हो. दोन वर्षं त्या रागावरच जगले, म्हण ना.

काय म्हणालास?… ‘तुझा तो आता कुठे आहे?’

…

आहे, आहे मी लाइनवर. तीस वर्षं संडे स्कूल शिकवते मी, सांगेन तुला, पण आधी पाण्याचं सांग.

पाणी कुठवर?… छातीला. अगं, काय म्हणाले ते? निघाले? मग किती वेळ? नीट विचार ना!… ऐक, निघालेत ते. गाडी निघालीय. तू बोल… बरं, मग मी बोलते, तू नुसतं ‘हं’ म्हण. वचनं नाही म्हणत, गोष्ट सांगते. त्या दोघांची. शुभवर्तमानातली, तुला आठवते ती. ज्याच्यावर सगळी आशा ठेवली त्याला क्रूसावर मारलं, सगळं संपलं, आणि दोघं जण मान खाली घालून आपल्या गावाला परत निघाले… ‘हं’ म्हण… वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालायला लागतो. कोसभर, दोन कोस. शास्त्रातलं सगळं उलगडून सांगतो. आणि हे आंधळे! क्रूसावर मेलेला तोच उठून बरोबर चालतोय, आणि यांना पत्ता नाही. मी मुलांना दरवर्षी विचारते, तुम्ही असता तर ओळखलं असतं की नाही? सगळी मुलं हात वर करतात. मी पण करते… हसतोयस? हस, हस, पण जागा राहा.

ते कोण बोलतंय तिथे?… नाही, माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. कुणाचा तरी आवाज आला… कोण?… कोण बादली?

सफाईवाला, सगळे ‘बादली’ म्हणतात तो. बरं. मग त्याला म्हणावं, इथे गर्दी करू नकोस, धाव आणि मॅनेजरला आण. कुणीतरी जाणतं माणूस आण… मॅनेजर बाहेर गेलाय? मग वॉचमन?… तो गेटवर गाडीची वाट बघतोय. अरे, मग हा बादलीवाला काय करणार आहे?… पाणी उपसतोय? बादलीनं? पाइप फुटलाय आणि हा बादलीनं उपसणार! त्याला म्हणावं नळाची मुख्य चावी बंद कर आधी… फिरवली? गंजलीय? दोन्ही हातांनी?… तुटली हातात.

बरं. उपसू दे मग.

ऐक ना… खळखळ ऐकू येतेय मला. चालू आहे का त्याचं?… किती झाल्या?… चाळीस बादल्या? वर खाली, वर खाली, शिडीवरून? दमेल तो… तू थरथरतोयस. दात वाजतायत तुझे. गार आहे ना पाणी? खांद्याला लागलं?

अगं, कुठे पोचलीय गाडी? विचार ना परत!… रेल्वे फाटक? फाटकात अडकलीय?

काही नाही, काही नाही म्हणाले मी. येतायत. जवळच आहेत.

ए… ए राजा… ए, बोल ना!… हॅलो! झोपू नकोस रे, तुझ्या पाया पडते… हां. हां, बोल. काय झालं? बादलीचा आवाज थांबला. गेला तो?… काय?… खाली उतरला? तुझ्यापाशी? खड्ड्यात?

मानेखाली हात घातलाय… हनुवटी वर धरलीय… त्याच्या खांद्यावर डोकं आहे तुझं. बरं… बरं. हलू नकोस मग. तसाच राहा.

तो काय आवाज? कसला कडकड आवाज झाला?… डबा हलला? अरे देवा… अरे, तो अजून खाली आला तर दोघं… त्याला सांग, वर जा म्हणावं!… सांगितलंस?… किती वेळा?… काय म्हणतो तो?

‘माझी ड्युटी संपायला वेळ आहे.’

असं म्हणाला?

त्याला पोहता येतं?… नाही. घाबरलाय का?… त्याचं काळीज धडधडतंय तुझ्या कानाशी. आणि तरी जात नाही.

कोण आहे रे हा? नाव काय त्याचं?… म्हणजे काय? तू काम करतोस त्याच बिल्डिंगमधला ना? किती वर्षं बघतोयस?… चार वर्षं! आणि चार वर्षांत नाव विचारलं नाहीस?… काय?… आज सकाळीच शिव्या घातल्यास? कशासाठी?… लिफ्टच्या मशीनरूममध्ये जेवणाचा डबा खायला बसला होता म्हणून. बाहेर काढलंस. रडू नकोस, पाणी तोंडात जाईल. रडू नकोस रे.

काय म्हणालास?… खरखरतंय, ऐकू नाही आलं… परत म्हण.

…

‘ताई, तुझा तो वाटेतला माणूस… त्याच्या अंगाला तंबाखूचा वास येतोय.’

…

आहे. आहे मी. फोन नाही ठेवला. बसलेय खाली, कापडाच्या गठ्ठ्यावर. इथे सगळ्या जणी बघतायत माझ्याकडे, बघू देत.

मी त्याला हाकलत होते रे. आत्ता, तुझ्यादेखत. जाणतं माणूस आण म्हणाले. वर्गात हात वर करणारी मी. आपल्या संडे स्कूलमधलं ते चित्र आहे ना, त्यात वाटेतल्या प्रभूचा झगा पांढराशुभ्र, इस्त्री केल्यासारखा. तीस वर्षं ते चित्रच दाखवत आले मी. शास्त्रात सरळ लिहिलंय, प्रभू म्हणतो की, मी भुकेला होतो, मी परका होतो, आणि लोक विचारतात, आम्ही तुला पाहिलं तरी कधी? पाठ आहे मला ते, स्वल्पविरामांसकट पाठ आहे.

ऐक. एक सांगायचंय, मग सांगायचं राहून जाईल. आईच्या त्या खोलीत मलाही काही दिसलं नव्हतं. काहीच नाही. मी खोटं बोलले. लोक काय म्हणतील म्हणून बोलले, आणि तू खरं बोललास म्हणून तुझ्यावर चिडले. ऐकतोयस ना?… हं. पण होतं रे तिथे कुणीतरी. ती आया आठवते? आईला कुशीवर वळवायच्या आधी स्वतःचे तळवे घासून गरम करायची. आईला गार हात लागू नये म्हणून. रोज. मी तिला नुसतं ‘ए, चादर बदल’ म्हणायचे. तोंडसुद्धा आठवत नाही तिचं.

होता रे तो तिथे. मला ओळखता आलं नाही, एवढंच.

कुठवर आलं?… ओठांना?… तोंड मिट. बोलू नकोस आता. नाकानं श्वास घे. डोकं मागे, त्याच्या खांद्यावर. मी बोलते. दादा! अहो दादा, ऐकू येतंय का तुम्हाला? मी बहीण त्याची… हो… हो… अजून उंच होतं का? थोडं?… तुमच्या हाताला रग लागली असेल, ठाऊक आहे मला… सोडू नका हो. तुम्हाला म्हणायचा मला काही अधिकार नाही, तुम्हालाही घरी कुणी असेल, पण सोडू नका…

श्वास चालू आहे ना त्याचा?… हो म्हणा नुसतं… हो. पुन्हा सांगा… हो.

प्रभू, आता मला मोठी प्रार्थना येत नाही. तू खाली आहेस ना? मग घट्ट धर. दोघांनाही धर. अजून एक मिनिट. अजून एक…

दादा?… दादा, बोला ना… हॅलो?

हॅलो!

नुसतं पाणी ऐकू येतंय. बायांनो, गप्प बसा गं जरा, ऐकू द्या… कुणीतरी ओरडतंय… माणसं आहेत, खूप माणसं… लोखंडावर काहीतरी आपटतंय… आले का ते? कुणी आहे का तिथे? हॅलो! अहो, फोन उचला कुणीतरी, शिडीवर आहे फोन! हॅलो! हॅलो!

…

हो. हो, मी बहीण… तुम्ही कोण? फायर ब्रिगेड?… सांगा. काय असेल ते सांगा.

…

जिवंत आहे.

जिवंत आहे गं! आहे!… हो, ऐकतेय, बोला… पाय?… वाचेल की नाही सांगता येत नाही. बरं. शुद्धीवर आहे?… डोळे उघडतो, मिटतो. कुठल्या हॉस्पिटलला?… सरकारी. मोठ्या सरकारी. निघतेच मी. त्याच्या बायकोपाशी आधी जाते, फोनवर नाही सांगत तिला, सातवा महिना आहे.

आणि दुसरा?… दुसरा हो! त्याचं डोकं धरून होता तो… बाहेर काढलात ना?… कुठे आहे?… जिन्यात बसलाय. एकटाच? खांदा निखळलाय आणि एकटाच बसलाय? अहो, त्याला काही पांघरायला दिलंत का कुणी?… मग द्या ना! कोरडं काहीतरी द्या, गरम काहीतरी पाजा, त्यालाही गाडीत घ्या… जागा नाही कशी? माझ्या भावाच्या पायाशी बसवा, पण घ्या.

एक काम करा, त्याच्याकडे फोन न्या जरा… दादा, मी बोलतेय… नाही, नाही, उठू नका. उगाच काय, हे उगाच आहे?… बरं, भांडत नाही. मला एकच सांगा. तुमच्या घरी कळवलं का कुणी?… कुणीच नाही. घरी कोण असतं?… तुमची बायको. आणि मुली. चार वाजता तुमची वाट बघतात.

नंबर सांगा. पेन दे गं… ते नको, खडू दे, कापडावर लिहिते… हो… हो… शेवटचे दोन परत सांगा… आलं.

आणि दादा, तुमचं नाव? तिला सांगताना नीट सांगायला हवं ना… हो… बादली नाही, ते नाव नको. खरं नाव सांगा.

…

लिहिलं.

ठेवते आता. तिला लावते.